शिसे जखडले गेले की नुसते दबून बसले? दूषित मातीवरच्या उपचाराची चाचणी कशी घ्यावी

उपचार केलेल्या मातीचा एक नमुना, त्यावर एक टीसीएलपी चाचणी (आम्लात किती धातू बाहेर पडतो ते मोजणारी प्रमाणित चाचणी), नियमातल्या ५ मिग्रॅ/लि.च्या मर्यादेखाली आलेला एक आकडा आणि लगेच 'शिसे स्थिर झाले' असा निष्कर्ष. वाचायला येणाऱ्या प्रबंधांत आणि सल्लागारांच्या अहवालांत हा क्रम इतक्यांदा दिसतो की एकदा सगळी पद्धत सलग लिहून काढणे भाग पडले. चूक प्रयोगशाळेतल्या हातांची क्वचितच असते. ती प्रयोगाच्या आखणीत असते, आणि आखणीतली चूक नंतर कितीही महागडे यंत्र वापरले तरी भरून निघत नाही.

उदाहरण म्हणून जुन्या शिसे-आम्ल बॅटऱ्या फोडण्याच्या जागेची माती घेऊ. उपचार दोन: चुना आणि फॉस्फेट. धातू वेगळा असेल तर काय बदलते ते वाटेत येईलच.

## १. आधी प्रश्न लिहा, मग चाचणी निवडा

'शिसे बाहेर पडते का' हा अर्धा प्रश्न झाला. कशात, आणि कोणापर्यंत, हे त्यात यायला हवे.

माती कचराभूमीत पुरायची असेल तर टीसीएलपी. कुजणाऱ्या कचऱ्यातल्या सेंद्रिय आम्लाची नक्कल करण्यासाठी ही चाचणी ॲसेटिक आम्ल वापरते. भारतात घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही हीच चाचणी आहे, आणि तिथल्या मर्यादा शिशासाठी ५, आर्सेनिकसाठी ५, कॅडमियमसाठी १ आणि पाऱ्यासाठी ०.२ मिग्रॅ/लि. अशा आहेत.

माती जागेवरच राहणार असेल आणि काळजी विहिरीच्या पाण्याची असेल, तर साध्या शुद्ध पाण्याने किंवा पावसाच्या आम्लतेची नक्कल करणाऱ्या एसपीएलपी पद्धतीने झिरपा, म्हणजे मातीतून निघणारे द्रावण, काढा. पिकाचा प्रश्न असेल तर डीटीपीए (धातूला धरून द्रावणात आणणारे रसायन) किंवा ०.०१ मोलार कॅल्शियम क्लोराइड. अंगणात लहान मुले खेळत असतील तर यातली एकही चाचणी उपयोगाची नाही. तिथे पोटातल्या आम्लाची नक्कल लागते: १५० मायक्रॉनच्या चाळणीतून गेलेली १ ग्रॅम माती, सामू (पीएच) १.५ चे १०० मिली ग्लायसीन द्रावण, ३७ अंश से. तापमान, १ तास.

सावधान: पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा ०.०१ मिग्रॅ/लि. आहे. टीसीएलपीची ५ ही मर्यादा तिच्या ५०० पट. म्हणून 'टीसीएलपी पास, सबब भूजल सुरक्षित' हे वाक्य कोणत्याही अहवालात लिहू नका.

## २. नमुना: एकच मोठी, एकजीव रास

बॅटरीच्या जागेवरची माती म्हणजे नुसती माती नसते. तिच्यात शिशाच्या जाळीचे तुकडे, राखेसारखी ऑक्साइडची पूड, भट्टीची मळी आणि प्लॅस्टिकच्या कपच्या असतात. एखादा वाटाण्याएवढा शिशाचा तुकडा एका बाटलीत गेला आणि दुसऱ्या बाटलीत नाही, तर दोन आकड्यांतला फरक उपचाराचा नसून त्या तुकड्याचा असतो.

प्रयोगाच्या प्रत्येक कुंडीसाठी वेगळी माती खणून आणू नका. ठरलेल्या खोलीवरून अनेक ठिकाणची माती घेऊन १५–२० किलोची एकच रास करा. सावलीत वाळवा, ढेकळे लाकडी हातोडीने फोडा आणि ९.५ मिमीच्या चाळणीतून काढा. चाळणीवर उरलेल्या धातूच्या तुकड्यांचे वजन करून नोंदवा. ते टाकून दिले तरी हरकत नाही, पण 'टाकले' हे लिहिलेले असले पाहिजे. मग रास उलटीपालटी मिसळा, चार समान भाग करा, समोरासमोरचे दोन भाग घ्या आणि पुन्हा मिसळा. कृषी खात्याच्या माती परीक्षणाच्या पत्रकात असते तीच ही पद्धत.

तपासा: राशीतून पाच ठिकाणचे नमुने घेऊन एकूण शिसे मोजा. पाच आकड्यांचे प्रमाण विचलन सरासरीच्या १५ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढे जाऊ नका. पुन्हा मिसळा.

हे सगळे करताना धूळरोधक मास्क आणि हातमोजे घाला. शिशाची धूळ कपड्यांवरून घरी जाते, म्हणून या कामाचे कपडे प्रयोगशाळेतच ठेवा.

सावधान: क्रोमियमची माती असेल तर ही पायरी वेगळी. षट्संयुजी क्रोमियम (त्याचे विषारी, सहज विरघळणारे रूप) मोजायचे असेल तर माती वाळवू नका. ओली असतानाच बंद बाटलीत ४ अंशांवर ठेवा. पाऱ्याची माती कधीही भट्टीत सुकवू नका, तो उडून जातो.

## ३. मूळ मातीची ओळख करून घ्या

उपचारापूर्वी निदान एवढे मोजा: सामू, विद्युतवाहकता, मुक्त चुना, सेंद्रिय कर्ब, जलधारणा क्षमता आणि अम्लराजात (नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात) विरघळवून एकूण धातू. एकूण धातूंत फक्त शिसे नको. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि थोडे आर्सेनिक मिसळलेले असे, म्हणून ते दोन्ही घ्याच. याचे महत्त्व पुढे फॉस्फेटच्या वेळी कळेल.

मुक्त चुन्याचा आकडा अनेक जण गाळतात. महाराष्ट्रात तो गाळून चालणारच नाही. इथल्या कितीतरी काळ्या जमिनी चुनखडीच्या आहेत, तर कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी. तोच उपचार, तीच मात्रा, पण दोन्हीकडचे उत्तर वेगळे येणार. हिशोब साधा आहे. टीसीएलपीच्या तीव्र द्रावणात लिटरमागे सुमारे ०.१ मोल ॲसेटिक आम्ल असते. १०० ग्रॅम मातीला २ लिटर द्रावण, म्हणजे ०.२ मोल आम्ल. ते पूर्ण संपवायला १० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट पुरते. मातीत मुळातच १० टक्के चुनखडी असेल, तर चाचणीतले आम्ल तीच गिळून टाकते आणि तुमच्या उपचाराची परीक्षा होतच नाही.

तपासा: चाचणीत मातीच्या २० पट द्रावण असते, म्हणून एकूण शिशाला २० ने भागा. किलोमागे ८० मिग्रॅ शिसे असेल तर सगळेच्या सगळे विरघळले तरी झिरप्यात ४ मिग्रॅ/लि. येईल. अशी माती उपचाराशिवायही टीसीएलपी पास होते, त्यामुळे तिच्यावर टीसीएलपीने उपचाराचे यश दाखवण्यात अर्थ नाही.

## ४. कुंड्यांची आखणी: कंट्रोल एक नाही, तीन

बहुतेक अभ्यास इथेच घसरतात. बिनउपचाराची माती आणि उपचाराची माती एवढीच तुलना केली, तर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही.

पहिले कंट्रोल म्हणजे मूळ माती. तिला उपचाराच्या कुंड्यांइतकेच पाणी, तितकीच ढवळणी आणि तितकेच दिवस द्या. पिशवीत कोरडी पडून राहिलेली माती हे कंट्रोल नव्हे.

दुसरे, निष्क्रिय भर घातलेले. उपचाराच्या पदार्थाइतक्याच वजनाची धुतलेली वाळू मिसळा. १ किलो मातीत किलोमागे ५,००० मिग्रॅ शिसे असेल आणि तुम्ही १०० ग्रॅम काहीही मिसळले, तर नवे प्रमाण ४,५४५ होते. काहीही न जखडता ९ टक्के घट! २० टक्के सिमेंट किंवा बायोचार (काडीकचऱ्याचा कोळसा) घालणाऱ्यांनी हा आकडा स्वतःसाठी काढून बघावा.

तिसरे, फक्त सामूचे. फॉस्फेटच्या खताने किंवा बायोचारने मातीचा सामू जितका चढतो, तितकाच तो चुन्याने चढवलेली कुंडी. तिच्यात आणि उपचाराच्या कुंडीत सारखीच घट दिसली, तर तुमच्या पदार्थाने चुन्यापेक्षा वेगळे काही केलेले नाही.

प्रत्येकाच्या निदान तीन कुंड्या, आणि उपचाराच्या तीन मात्रा. मात्रा कोरड्या वजनावर मोजा. एका कुंडीतून काढलेले तीन नमुने म्हणजे तीन कुंड्या नव्हेत. ही गल्लत छापून आलेल्या लेखांतही दिसते.

## ५. मुरवण

मिश्रणात जलधारणा क्षमतेच्या ६० ते ७० टक्के पाणी ठेवा. शेतकऱ्याच्या भाषेत वाफसा: मूठ आवळली की गोळा व्हावा, बोटाने दाबला की फुटावा. कुंडीचे वजन करून दर दोन-तीन दिवसांनी कमी झालेले पाणी भरा. झाकण सैल ठेवा. हवाबंद केले तर चुन्याचे कार्बोनेटात रूपांतर थांबते, आणि शेतात ते थांबणार नसते.

नमुने ०, ७, २८ आणि ९० व्या दिवशी घ्या. यातला शून्य दिवस सर्वांत मोलाचा, आणि नेमका तोच वगळला जातो. फॉस्फेट मातीतल्या शिशाशी मिळून पायरोमॉर्फाइट हे फार कमी विरघळणारे खनिज तयार करते, हे खरे. पण आम्लात शिसे झपाट्याने विरघळते, तिथेच फॉस्फेटही मोकळे असते, आणि हे खनिज चाचणीच्या बाटलीतच तयार होऊ शकते. म्हणजे मातीत काहीच घडलेले नसते, बाटलीत घडते. ओळखायचे कसे? फॉस्फेट मिसळल्याबरोबर, त्याच तासात, एक नमुना चाचणीला लावा. शून्य दिवसाची घट २८ व्या दिवसाइतकीच आली, तर तो परिणाम बाटलीतला असण्याची दाट शक्यता धरा.

लोखंडाच्या चुऱ्याचेही असेच. चाचणीच्या बाटलीत लोखंड शिशाला द्रावणातून बाहेर ओढते. ते गंजून गेले की ही ओढ राहत नाही. अमेरिकेत ओतशाळांच्या शिसेयुक्त वाळूत लोखंडाचा चुरा मिसळण्याला उपचार म्हणून मान्यता नाकारली गेली ती याच कारणाने.

## ६. टीसीएलपी: हाताने करायच्या पायऱ्या

६.१ भांडी. बाटल्या १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवा आणि शुद्ध पाण्याने तीनदा विसळा. ग्लास फायबरचे गाळणही आम्लाने धुवावे लागते. गाळण न धुतल्याने ब्लँकमध्ये (मातीशिवाय लावलेल्या बाटलीत) जस्त आल्याच्या तक्रारी नेहमीच्याच आहेत.

६.२ द्रावण निवडणे. १ मिमीपेक्षा बारीक केलेली ५ ग्रॅम माती ९६.५ मिली पाण्यात पाच मिनिटे जोरात ढवळा. सामू ५ च्या खाली असेल तर पहिले द्रावण. वर असेल तर ३.५ मिली १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल घाला, ५० अंशांवर दहा मिनिटे ठेवा, थंड करा आणि पुन्हा मोजा. आता ५ च्या खाली आला तर पहिले द्रावण, नाहीतर दुसरे.

६.३ द्रावण बनवणे. पहिले: ५.७ मिली ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ५०० मिली पाण्यात, त्यात ६४.३ मिली १ नॉर्मल कॉस्टिक सोडा, मग १ लिटरपर्यंत पाणी. सामू ४.९३ यायला हवा, चढउतार ०.०५. दुसरे: ५.७ मिली आम्ल आणि १ लिटरपर्यंत पाणी. सामू २.८८, चढउतार तेवढाच. बसत नसेल तर आम्ल-अल्कली घालून 'जमवू' नका. द्रावण ओतून द्या आणि नव्याने करा.

सावधान: चुना घातलेल्या मातीला बहुधा दुसरे द्रावण लागते आणि मूळ मातीला पहिले. नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे, पण मग दोन आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. तुलनेसाठी कंट्रोलवर दुसऱ्या द्रावणानेही एक चाचणी लावा.

६.४ फिरवणे. १०० ग्रॅम माती, २ लिटर द्रावण, मिनिटाला ३० फेरे, १८ तास, २३ अंश. बाटली डोक्यावरून पायाकडे अशी उलटसुलट फिरली पाहिजे. टेबलावर आडवी हलवणारी शेकर चालत नाही, कारण माती तळाशी बसून राहते. चुनखडीच्या मातीत कार्बन डायऑक्साइड साठतो. १५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने आणि तासाने फ्यूम हूडमध्ये झाकण जरा सैल करून दाब सोडा.

५ ग्रॅम माती १०० मिली द्रावणात घेऊन छोटी चाचणी करायला हरकत नाही. फक्त तिला 'टीसीएलपीवर आधारित' म्हणा, आणि तिचा आकडा नियमातल्या मर्यादेपुढे ठेवू नका.

६.५ गाळणे आणि टिकवणे. ०.६ ते ०.८ मायक्रॉनच्या ग्लास फायबर गाळणातून गाळा. गाळल्याबरोबर, आम्ल घालण्यापूर्वी, सामू मोजा. मग नायट्रिक आम्लाने तो २ च्या खाली न्या.

'आम्ल घालण्यापूर्वी सामू मोजा' हे वाक्य माझ्या पदरच्या अनुभवाचे आहे. एका विद्यार्थिनीने तीन आठवडे खपून छत्तीस चाचण्या लावल्या, आणि मी तिला अंतिम सामूचा रकाना करून द्यायला विसरलो. आम्ल घालून झाले होते. छत्तीसच्या छत्तीस पुन्हा कराव्या लागल्या, कारण त्या आकड्याशिवाय बाकीचे आकडे मुके होते.

६.६ मोजणे. प्रत्येक वीस बाटल्यांमागे निदान एक ब्लँक, जो मातीशिवाय सगळ्या पायऱ्यांतून गेलेला असेल. एका नमुन्यात ओळखीच्या प्रमाणात धातू घालून मोजणीत त्यातला किती टक्के परत सापडतो ते बघा. तो आकडा ७५ ते १२५ टक्क्यांत यायला हवा. मानक द्रावणे त्याच ॲसेटेट द्रावणात बनवा. आयसीपी-एमएसवर (धातू त्यांच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर) ॲसेटेटमधला कार्बन यंत्रातल्या आर्गॉनशी जोडून ५२ वस्तुमानावर बसतो आणि नसलेले क्रोमियम दाखवतो. क्लोराइड असेल तर तेच ७५ वर आर्सेनिकच्या बाबतीत होते. अशा खोट्या जोड्या अडवणारी हेलियमची कोलिजन सेल चालू ठेवा. फ्लेमच्या एएएसवर (ज्योतीत धातूने शोषलेला प्रकाश मोजणाऱ्या साध्या यंत्रावर) ०.१ मिग्रॅ/लि.च्या खालचे शिसे विश्वासाने मोजता येत नाही, म्हणून पाण्याच्या चाचणीला ते पुरणार नाही.

## ७. अंतिम सामू वाचायला शिका

समजा, कंट्रोलच्या झिरप्यात २४ मिग्रॅ/लि. शिसे आले, सामू ५.०. चुना घातलेल्यात १.८ आले, सामू ८.९. घट ९२ टक्के. अहवाल इथे थांबतो, आपण थांबायचे नाही. चुन्याने चाचणीतले आम्ल मारले, एवढेच यातून कळते. पावसाने किंवा खतांनी तो चुना संपला की शिसे तिथेच आहे.

म्हणून सामूनिहाय चाचणी लावा. पूर्ण पद्धतीत सामू २ ते १३ दरम्यान नऊ बाटल्या असतात. हात आखडता असेल तर ४, ५.५, ७, ९ आणि ११ अशा पाच तरी घ्या. २ मिमीखालची माती, दर ग्रॅममागे १० मिली द्रव, ४८ तास. आधी थोड्या मातीवर आम्ल घालत जाऊन कोणत्या सामूला किती लागते ते काढा, मग ते एकदमच घाला. कंट्रोल आणि उपचार या दोघांचे सामू-शिसे आलेख एकाच कागदावर काढा.

दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर उपचाराने फक्त सामू बदलला. उपचाराची रेघ त्याच सामूला खाली असेल तर खरोखर काहीतरी जखडले गेले आहे. पूर्ण अभ्यासातला एकच आलेख ठेवायला सांगितला तर मी हाच ठेवीन.

चुना जास्त झाला की काय होते तेही याच आलेखात दिसते. शिसे आणि जस्त आम्लात आणि तीव्र अल्कलीत, दोन्ही बाजूंनी विरघळतात: सामू ११–१२ च्या पुढे गेला की ते पुन्हा द्रावणात येऊ लागतात.

## ८. एकाला जखडताना दुसरा सुटतो

फॉस्फेट आणि आर्सेनेट मातीत एकाच जागेसाठी भांडतात. फॉस्फेट घातले की शिसे खाली आणि आर्सेनिक वर, हे नेहमी घडते. अँटिमनीवरही लक्ष ठेवा. त्यामुळे झिरप्यात सगळे धातू मोजा, आणि फॉस्फेटही. जास्तीचे फॉस्फेट ओढ्यात गेले तर तिथे शेवाळ माजते. कंपोस्ट घातले असेल तर विरघळलेला सेंद्रिय कर्ब मोजा, कारण तो तांब्याला धरून बाहेर नेतो.

क्रोमियमच्या बाबतीत तर चुना हा उपचारच नव्हे. तमिळनाडूत राणीपेट किंवा कानपूरजवळ रानिया इथल्या क्रोमेट कचऱ्यात षट्संयुजी क्रोमियम उच्च सामूलाच मोकळे फिरते. आधी फेरस सल्फेटसारख्या पदार्थाने त्याचे त्रिसंयुजी रूप करावे लागते, आणि चाचणीत षट्संयुजी क्रोमियम वेगळे मोजावे लागते. नुसत्या टीसीएलपीने हा प्रश्न सुटत नाही.

बीसीआरची टप्प्याटप्प्याची निष्कर्षण पद्धत इथे मदत करते, पण तिच्यावर सगळा भार टाकू नका. 'अवशिष्ट', म्हणजे सगळ्या टप्प्यांनंतर उरणाऱ्या भागात शिसे वाढले म्हणजे खनिज बनले असे नाही. तिथेही फॉस्फेट बाटलीत काम करू शकते. सगळ्या टप्प्यांची बेरीज एकूण शिशाशी ताडून बघा. तिसऱ्या टप्प्यात हायड्रोजन पेरॉक्साइड थोडेथोडे घाला, सेंद्रिय माती फेसाळून बाहेर येते.

## ९. पावसाळ्यातून काढा

२८ दिवस वाफशात ठेवलेल्या कुंडीला ना मे महिना माहीत आहे ना जुलै. ज्या जागेवर माती राहणार, तिथले हवामान तिला दाखवा.

ओले-कोरडे: भिजवा, ४० अंशांवर वाळवा, पुन्हा भिजवा. निदान दहा वेळा. सिमेंटने घट्ट केलेले ठोकळे इथेच भेगाळतात. ते कुटून घेतलेल्या टीसीएलपीतून कितीही चांगला आकडा आला असला तरी भेगा वेगळ्या नोंदवा.

पाणी साचणे: माती दोन आठवडे पाण्याखाली ठेवा आणि वरचे पाणी तपासा. लोहाच्या ऑक्साइडवर धरलेले आर्सेनिक प्राणवायू संपला की लोहाबरोबर सुटते. भातखाचरांच्या प्रदेशात ही चाचणी टाळणे म्हणजे नेमका तिथला धोका न बघणे.

तपासा: दोन्हींनंतर पायरी ६ आणि शुद्ध पाण्याची चाचणी पुन्हा लावा, अंतिम सामूसह.

## १०. आकडेमोड आणि अहवाल

मिग्रॅ/लि.ला २० ने गुणले की टीसीएलपीतून किलोमागे किती मिग्रॅ निघाले ते मिळते. ते मिश्रणाच्या किलोमागे असते. मूळ मातीच्या किलोमागे आणण्यासाठी मिसळलेल्या भरीची दुरुस्ती करा. मापनमर्यादेच्या खालचा आकडा शून्य धरू नका, '०.०५ पेक्षा कमी' असेच लिहा आणि त्यावरून ९९.९ टक्के घट काढू नका. मातीचे कोरडे वजन, वापरलेले द्रावण, अंतिम सामू, गाळणाचा आकार आणि मुरवणीचे दिवस प्रत्येक आकड्याशेजारी हवेत.

निष्कर्षाचे वाक्य पायरी १ मधल्या प्रश्नाला बांधा. 'उपचार प्रभावी आहे' असे नको. 'सामू ५.५ ते ९ दरम्यान पाण्यात येणारे शिसे कंट्रोलपेक्षा इतके कमी, आर्सेनिक इतके जास्त, दहा ओल्या-कोरड्या फेऱ्यांनंतर हे टिकले किंवा टिकले नाही' असे लिहा. वाक्य लांबते, लांबू द्या. गावातले लोक त्याच जागेवर राहणार असतात.

प्रत्येक कुंडीतली २०० ग्रॅम माती वाळवून, तारीख आणि दिवस लिहून, निदान दोन वर्षे जपून ठेवा. उरलेली माती, झिरपा आणि धुण्याचे आम्ल मोरीत जाऊ देऊ नका. शिक्का मारलेल्या डब्यात साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे पाठवा, आणि पाठवल्याची पावती प्रयोगवहीतच डकवा.